काळजीचा पैसा कुटुंबाच्या हाती असावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा २९ वर्षांचा असून त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याची अवस्था) आहे. त्याला आंघोळ घालणे, वरणभात मऊ कुस्करून अर्धा-पाऊण तास भरवणे, रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणे हे सारे मी आणि माझे यजमान इतकी वर्षे करत आलो. आता आम्ही दोघांनीही साठी ओलांडली आहे. पुण्यात मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोकडून बारा तासांचा माणूस घ्यायचा, तर आम्हाला महिन्याकाठी वीस हजारांहून अधिक मोजावे लागतात. एवढे करूनही माणूस टिकत नाही आणि घास कोणत्या बाजूने भरवला म्हणजे ठसका लागत नाही, हे नव्याला पहिल्यापासून शिकवावे लागते.

मुलाच्या नावावर एका सरकारी योजनेची थोडी मदत जमा होते. गेल्या वर्षी बँकेने पडताळणीसाठी त्याचा अंगठा मागितला. त्याच्या मुठी आखडलेल्या असतात. यजमानांनी मनगट धरले, मी एकेक बोट उलगडत होते. तोवर तो घाबरून अंग ताठ करी आणि मूठ पुन्हा मिटे. पाच-सहा वेळा यंत्राने ठसा नाकारला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीने राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार (सेरेब्रल पाल्सीसारखे अपंगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठीही पालक नेमता येतो, असा हा कायदा) दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र मी पुढे केले, तर ‘न्यायालयाचा आदेश आणा’ असे उत्तर मिळाले. रक्कम खात्यात दिसत होती, पण त्याच्याच औषधांसाठी ती सात महिने काढता आली नाही. अशी प्रमाणपत्रे ग्राह्य धरावीत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना पूर्वीच कळवलेले असताना प्रत्येक खिडकीवर आईबापांनीच कायदा समजावून सांगावा, हे फार क्लेशदायक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ ने दिव्यांग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार स्वतःच्या नियंत्रणात ठेवण्याचा इतरांइतकाच हक्क दिला आहे. कलम ३८ नुसार जास्त आधाराची गरज असलेली व्यक्ती, किंवा तिच्या वतीने दुसरे कोणीही, अर्ज करू शकते आणि मूल्यमापन मंडळाने ती गरज तपासून प्रमाणित करायची असते. कलम २४ मध्ये तर अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. आमच्या घरापर्यंत असा भत्ता आजवर पोहोचलेला नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचे अनुदान वाढवून दरमहा २५०० रुपये केले, याबद्दल शासनाचे आभारच मानायला हवेत. परंतु ते निर्वाहासाठी आहे, काळजीसाठी माणूस ठेवण्यासाठी नव्हे; शिवाय उत्पन्नाच्या अटीमुळे आमच्यासारखी निवृत्तिवेतनावर जगणारी कुटुंबे त्यात बसतच नाहीत. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान असली तरी घरात होणारी काळजी हेही काम आहे, हे तिथे शासनाने मान्य केले आहे.

मला प्रामुख्याने मांडायचे आहे ते नियंत्रणाबद्दल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतो, पण तो कशावर खर्च व्हावा हे आम्हाला क्वचितच विचारले जाते. एका शिबिरात आम्हाला व्हीलचेअर मिळाली. मुलाच्या पाठीला बाक असल्याने तिच्यात त्याला बसताच येत नाही. ती घडी करून गॅलरीत ठेवली आहे. तेवढ्याच खर्चात त्याच्या ओळखीच्या मावशींना काही आठवडे रोज चार तास ठेवता आले असते.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना काळजीची रक्कम थेट व्यक्तीच्या हाती देण्याची मुभा मिळाली. जी व्यक्ती स्वतः संमती देऊ शकत नाही, तिच्या वतीने योग्य माणसाने ती स्वीकारण्याची सोय २००९ मध्ये झाली. तिथल्या कुटुंबांनाही हिशेबाची कागदपत्रे सांभाळताना दमछाक होते, हे खरे. परंतु मदतनीस कोण असावा आणि त्याने किती वाजता यावे, हे ठरवणे त्यांच्या हातात असते.

पालकांच्या हाती पैसा दिला तर त्याचा गैरवापर होईल, ही शंका मला कार्यालयांमधून अनेकदा ऐकावी लागली आहे. क्वचित तसे घडतही असेल. मात्र राष्ट्रीय न्यास कायद्याने नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो, म्हणजे देखरेखीची व्यवस्था १९९९ पासून कायद्यातच आहे. तिचाच आधार घेऊन, मंडळाने प्रमाणित केलेल्या व्यक्तीचा काळजीवाहक भत्ता पालकत्वाच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा, त्यातून ब्यूरोचा किंवा शेजारचा, कुटुंबाला योग्य वाटेल तो माणूस नेमता यावा आणि ठशाची पडताळणी घरी येऊन किंवा अन्य मार्गाने व्हावी, अशी माझी विनंती आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, त्यामुळे पहिला प्रयोग याच जिल्ह्यात करणे अवघड जाऊ नये. मुलाच्या काळजीवर झालेला प्रत्येक खर्च मी २०१४ पासून वहीत लिहून ठेवला आहे. ती वही कोणत्याही अधिकाऱ्यासमोर ठेवायला मी तयार आहे.

आपली,
एक आई, सिंहगड रस्ता, पुणे