कुलूप लावलेल्या व्यसनमुक्ती कक्षाबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात तरुणांसाठी व्यसनमुक्ती कक्ष वर्षभरात सुरू होईल, असे आपण पदभार स्वीकारताना जाहीर केले होते. त्या घोषणेला आता दोन वर्षे उलटली आहेत. गेल्या महिन्यात रात्री अडीच वाजता मी माझ्या 24 वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन अशाच एका रुग्णालयात पोहोचले, तेव्हा कक्षाच्या दारावर पाटी होती आणि कुलूपही होते. खिडकीतून आत मोडक्या खाटा आणि जुन्या फायलींचे गठ्ठे दिसत होते.

त्या रात्रीचे सविस्तर सांगते. भाऊ दीड वर्ष रोज पीत होता. एका सकाळी, आईची अवस्था पाहवेना म्हणून, त्याने स्वतःहून दारू बंद केली आणि आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला! दुसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागले, अंग घामाने भिजले आणि मग आकडी आली. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो, उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे देऊन सोडवावी लागते, हे आम्हाला तोवर कोणीही सांगितले नव्हते. ‘आजपासून थेंबही घेऊ नकोस’ हे त्याला बजावणारी मीच होते. अपघात विभागातील ज्या तरुण डॉक्टरबाईंनी आकडी थांबवली त्यांची मी ऋणी आहे. परंतु सकाळी ‘दारूच्या रुग्णांसाठी इथे खाट नाही’ असे सांगून त्याला घरी पाठवण्यात आले. ‘पिताना आम्हाला विचारले होते का?’ असे एका कर्मचाऱ्याने माझ्या आईला सर्वांसमोर सुनावले. त्यानंतर दोन दिवस ती कोणाशीही बोलली नाही.

महोदय, या प्रश्नाचे उत्तर मी आपल्याला देते, कारण भाऊ कसा पिऊ लागला याचा क्रम मला पाठ आहे. आधी कंत्राट संपले आणि ते पुन्हा मिळाले नाही. मग शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले, वसुलीचे फोन येऊ लागले आणि त्याने फोन उचलणेच सोडून दिले. ‘सध्या काय करतोस?’ असे कोणी विचारील या भीतीने मित्रांकडे जाणे थांबले. झोप उडाली. दारू या सगळ्यानंतर आली आणि ती झोपेचे औषध म्हणून आली. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते; म्हणून पहाटे तीनला तो जागा होई आणि पुढच्या रात्री थोडी जास्त घेई.

1930 च्या दशकात ऑस्ट्रियातील मारिएंथाल या गावातील कापडगिरणी बंद पडली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकार कुटुंबांचा अभ्यास केला. हाताशी वेळच वेळ असूनही लोक ग्रंथालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेत होते आणि पुरुषांची रस्त्याने चालण्याची गतीसुद्धा मंदावली होती. तो अभ्यास दारूविषयी नव्हता, तरी तो वाचताना मला भाऊच दिसत होता. काम गेले की पगाराबरोबर दिवसाचा आकारही जातो, आणि ज्याच्या दिवसाला सकाळ-दुपार उरत नाही त्याच्यासाठी संध्याकाळची बाटली हीच एक ठरलेली वेळ होऊन बसते.

हातात पैसा नसला की माणूस कमी पितो, असे आपल्याच खात्यातील एका अधिकाऱ्याने मला ऐकवले. मंदीत काही जण खरेच कमी पितात; पण नोकरी गेल्याच्या ताणाखाली दुसरे अनेक जण एका बैठकीत अधिक पिऊ लागतात. शिवाय सारखेच प्रमाण घेणाऱ्या दोघांपैकी गरिबाचे शरीर जास्त खचते, हे स्कॉटलंडसह अनेक ठिकाणच्या संशोधनातून पुढे आले आहे. अपुरा आहार, आधीचे आजार, सतत साचलेला ताण आणि उपचाराला झालेला उशीर, यांतले काय त्या अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगभरात दारूमुळे 26 लाख मृत्यू झाले, आणि एकूण मृत्यूंमधील दारूचा वाटा 20 ते 39 या वयोगटात सर्वाधिक आहे. ही कमावती वये आहेत. माझा भाऊ या वयोगटात आहे.

दारूवरचा कर मात्र तिजोरीत एक दिवसही न चुकता जमा होतो. दुकानाला परवाना मिळतो आणि कक्षाला समुपदेशक मिळत नाही, ही एकट्या आपल्या खात्याची चूक नाही, हे मला कळते. रोजगार खाते नोंदणी करून घेते आणि पुन्हा विचारत नाही. शिक्षण खाते पदवी देऊन मोकळे होते. कर्ज देणाऱ्यांना हप्त्यापलीकडचा माणूस दिसत नाही. प्रत्येक खिडकीवर त्याला पुढची खिडकी दाखवली गेली आणि प्रत्येक ठिकाणाहून परतताना तो थोडा अधिक गप्प झाला. दारूने त्याच्याकडे एकही कागद मागितला नाही. हे लिहिताना माझा हात संतापाने कापतो आहे, आणि तो कापू नये अशी माझी इच्छाही नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. कक्ष उघडा आणि तिथे दारू सोडवण्यासाठीच्या खाटा राखून ठेवा. नोकरी गमावलेल्या तरुणाची नोंदणी होते तिथेच त्याच्या झोपेची, कर्जाची आणि पिण्याची विचारपूस करणारा प्रशिक्षित माणूस बसवा. पिण्याचे प्रमाण ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी कधीचीच तयार आहे. अचानक दारू सोडण्याचा धोका प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहून लावा. याला तर निधीचीही वाट पाहावी लागत नाही.

भावाने दारू सोडून आज 31 दिवस झाले आहेत. तो रात्री झोपत नाही आणि मीही त्याच्या खोलीबाहेर जागी असते. तपासणीची पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. त्या दिवशी मी त्याला घेऊन त्याच इमारतीत, त्याच दारापाशी येणार आहे. तोपर्यंत ते कुलूप निघालेले असेल की नाही, हे मला आपल्या सहीने लेखी कळवावे.

आपली,
त्या रुग्णाची थोरली बहीण