तात्यांच्या नातीस, छापखान्याकडून

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

पतसंस्थेचा अहवाल आणि सभेच्या नोटिसा वेळेत पोस्टात पडल्या. फोनवर आभार मानले तर "त्यात काय एवढं, काका" म्हणून तू विषय संपवशील, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितो आहे.

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असल्यामुळे तालुक्यातल्या संस्था आमच्याकडे एकदमच येतात. आजवर एक्सेलमधून नाव उचलायचं, नोटिशीत चिकटवायचं, छापायचं, मग पुढचं नाव. तू यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या फाइलीत) काढलीस, पायथन या संगणकभाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने एकेक ओळ लाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रणालीच्या साच्यात घातलीस आणि सगळ्या नोटिसांची एकच पीडीएफ हातात दिलीस.

वेगाचं कौतुक कोणीही करील. मला मोल वाटतं ते याचं, की तू आधी तात्यांशेजारी जाऊन बसलीस. छपाईचे खिळे जुळवण्यात हयात गेलेला माणूस. पान बघताना डोळ्याला काय खुपतं, हे तू त्यांना विचारलंस. 'श्री.' ओळीच्या शेवटी आणि नाव खालच्या ओळीत, हे त्यांनी कधीच चालवून घेतलं नाही. आता स्क्रिप्ट त्या दोघांमध्ये टिल्ड (~ हे चिन्ह, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा) घालते आणि जोडी तुटत नाही. 'रु.' आणि रकमेचंही तसंच. एक्सेलमधले इंग्रजी आकडे १,२५,००० असे, लाखाच्या स्वल्पविरामासकट उतरतात. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले की तात्या चरफडायचे. फॉन्टला भाषा मराठी आहे असं तू सांगितलंस आणि दोन्ही आपल्या वळणाचे झाले. ती अक्षरं फॉन्टात होतीच, कोणी मागितली नव्हती!

लाटेक ज्यावर उभं आहे ते टेक बनवणारे डोनाल्ड कनूथ १९७७ साली स्वतःच्याच पुस्तकाची प्रुफं पाहून वैतागले आणि त्यातून या कामाला लागले, हे तू सांगितलंस तेव्हा तात्या म्हणाले, "मग माणूस आपल्यातलाच."

पानं लावायचं कामही आता स्क्रिप्टकडे. मध्ये घडी घातल्यावर क्रम लागावा म्हणून सोळा पानी अहवालात १ शेजारी १६, २ शेजारी १५. पानं चारच्या पटीत नसली तर शेवटी कोरी पानं. कागद आखूड कडेवर उलटायचा, नाहीतर मागची बाजू डोक्यावर उभी राहते, हेसुद्धा प्रिंटरला तीच बजावते.

स्क्रिप्टमधल्या टिपा तू मराठीत लिहिल्यास, त्यामुळे सभेची तारीख किंवा अध्यक्षांचं नाव बदलायला तुझ्यामागे लागावं लागत नाही. दूध संस्थेच्या नोटिसा मी एकट्याने काढल्या. यादी नवी, साचा तोच.

दिवाळीला येशील तेव्हा बिल घेऊन ये, कारणं नकोत. आणि तात्यांची एक तक्रार आहे: ताळेबंदातल्या रकमा उजवीकडे एका रेषेत नाहीत म्हणे. मला काही दिसत नाही, पण ते म्हणतात म्हणजे असणार. बघशील का?

तुझा,
छापखानेवाला काका