‘आपोआप’ हा शब्द मागे घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मेंदू आणि स्टेम सेलच्या (ज्यांपासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात, त्या मूळपेशींच्या) संशोधनात हयात घालवलेल्या बाईंवर अर्धं पान आलं. आपल्या जिल्ह्यातल्या मुलीचं कौतुक आपल्याच पेपरात वाचायला मिळालं, त्याबद्दल पुरवणी विभागाचे मनापासून आभार. पण लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे: ‘या पेशी मेंदूत सोडल्या की त्या आपोआप हव्या त्या पेशी बनतात.’ या पेशी आपोआप काही धड बनत नाहीत, म्हणून तर बाईंना इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढावी लागली. त्यांच्या सगळ्या कष्टांवर त्या एका शब्दाने बोळा फिरवला आणि तुम्ही तो तसाच छापलात.

आपोआप काय होतं ते सांगतो. मानवी प्लुरिपोटंट, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या, पेशींच्या प्लेटकडे दोन-तीन दिवस दुर्लक्ष झालं, की कॉलनीच्या (पेशींच्या पुंजक्याच्या) स्वच्छ कडा विस्कटतात, मधला भाग दाट होऊन तपकिरी दिसू लागतो आणि पेशी वाट्टेल त्या दिशेने जायला लागतात. अशाच पेशी उंदराला टोचल्या तर गाठ धरते. कापून पाहिलं, तर त्या एका गोळ्यात कूर्चाही असते, कातडीसारखा थरही असतो आणि आतड्यासारखी नळीही असते. तिला टेराटोमा म्हणतात. पेशी खरोखर प्लुरिपोटंट आहेत का, हे तपासायला प्रयोगशाळा वर्षानुवर्षं ही गाठ मुद्दाम करून बघत आल्या आहेत.

आता हवी ती पेशी मिळवायची असेल तर काय करावं लागतं ते बघा. पार्किन्सनच्या आजारात मध्यमेंदूतल्या डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशी मरतात, तेव्हा तयारही नेमक्या त्याच करायला हव्यात. आधी पेशीतले दोन संदेशमार्ग औषधांनी बंद करायचे, म्हणजे पेशी चेतासंस्थेच्या वाटेला लागतात. ही पद्धत २००९ साली आली. हे मार्ग बंद असतात त्याच दिवसांत सॉनिक हेजहॉग नावाच्या प्रथिनाचा संदेश द्यायचा आणि जोडीला सीएचआयआर ९९०२१ नावाचा रेणू मोजून घालायचा. खरी मेख या मोजण्यात आहे. ०.७ मायक्रोमोलरच्या (मायक्रोमोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) आसपास मध्यमेंदूच्या पेशी मिळतात, ०.४ च्या खाली राहिलं तर पुढच्या मेंदूच्या आणि १ च्या वर गेलं तर मागच्या मेंदूच्या. दहा मिलिलिटर मिडियममध्ये (पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवात) दहा मिलिमोलरचा स्टॉक, म्हणजे तयार दाट द्रावण, घालायचा तर तो भरतो ०.७ मायक्रोलिटर. इतका थेंब पिपेटने (द्रव मोजून उचलायच्या नळीने) भरवशाने उचलता येत नाही, टिपच्या बाहेरच तेवढा चिकटून येतो. म्हणून स्टॉक आधी दहापट पातळ करून त्यातले ७ मायक्रोलिटर घालायचे. ही एक पायरी कंटाळा करून गाळली, तर दोन आठवड्यांनी प्लेट रंगवताना कळतं की उगवल्या आहेत त्या भलत्याच पेशी. बरं, हा आकडाही कायमचा नसतो. पेशींची लाइन, म्हणजे वाढवत आलेला वंश, बदलली किंवा त्या रेणूची नवी बाटली फोडली, की पुन्हा चार-पाच मात्रांवर चाचणी करून तो नव्याने बसवावा लागतो.

चुकलेल्या पेशी म्हणजे नुसतं वाया गेलेलं काम नसतं. मागच्या मेंदूच्या, सेरोटोनिन नावाचं दुसरंच रसायन करणाऱ्या पेशी मिसळून गेल्या, तर रुग्णाला नको असलेल्या हालचाली सुरू होतात, असा दाट संशय पूर्वी रुग्णांच्या मेंदूत गर्भाची ऊती बसवण्याचे जे प्रयोग झाले त्यांवरून आहे. आणि न बदललेल्या प्लुरिपोटंट पेशी थोड्या जरी उरल्या, तरी वर सांगितलेली गाठ पुढे उभी राहू शकते.

हे झालं दिशा देण्याचं काम. त्याच्या आधी पेशी जिवंत आणि शुद्ध ठेवण्याचं काम असतं, आणि त्यातच माणसाचं निम्मं आयुष्य जातं. मिडियम रोज बदलायचं, रविवारी आणि दिवाळीतही. दर चार-पाच दिवसांनी पेशी लहान लहान पुंजक्यांत सोडवून नव्या प्लेटवर न्यायच्या. एकेकटी पेशी सुटी केली तर बहुतेक मरतात, म्हणून तेव्हा १० मायक्रोमोलर रॉक इनहिबिटर, म्हणजे सुट्या पेशींना मरण्यापासून वाचवणारं रसायन, घालावं लागतं. पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटला अस्तर लावायचं मॅट्रिजेल बर्फावर वितळवायचं, टिपसुद्धा थंड करून घ्यायच्या, नाहीतर ते पिपेटमध्येच गोठून जेली होतं. वैशाखात सोलापूरचा पारा ४२-४३ वर असताना मुंबईहून निघालेल्या खोक्यातला ड्राय आइस वाटेत संपला, तर ती बाटली उघडण्याआधीच निकामी झालेली असते.

मायकोप्लाझ्मा हा जिवाणू त्याहून वाईट. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही आणि मिडियम गढूळही करत नाही. त्याला पेशीभित्तिकाच नसल्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग होत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो. पीसीआर करूनच कळतं. एका फ्लास्कमध्ये निघाला तर त्या इन्क्युबेटरमधल्या सगळ्यांचा संशय घ्यावा लागतो. शिवाय पेशी महिनोन्महिने वाढवत राहिलं की गुणसूत्रांत बिघाड होतो. विसाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा एक तुकडा वारंवार दुप्पट झालेला सापडतो, कारण त्या पेशी मरायला तयार नसतात आणि बाकीच्यांना मागे टाकतात. प्लेट मात्र बघायला सुंदर दिसते. म्हणून ठरावीक पॅसेजनंतर (पेशी नव्या प्लेटवर नेण्याची एक फेरी म्हणजे पॅसेज) गुणसूत्रं तपासायची, आणि बिघाड निघाला तर अख्खी लाइन टाकून गोठवलेल्या जुन्या नळीपासून पुन्हा सुरुवात करायची. बाईंच्या कारकिर्दीतलं हे सगळं काम तुमच्या लेखात एका ओळीतही आलं नाही. दहावीचे गुण आले, शाल-श्रीफळ आलं.

एवढं लिहायचं कारण त्याच पानावर खाली आहे. लेखाच्या बरोबर खाली तीन कॉलमची जाहिरात होती: शहरातल्या हॉटेलात स्टेम सेल शिबिर, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, लकवा, पार्किन्सन, ‘रुग्णाच्याच पेशी, दुष्परिणाम नाही’. वर ‘आपोआप’ आणि खाली नोंदणीचा नंबर. चादरीच्या कारखान्यात पाळी करणारा बाप आणि विडी वळणारी आई ते पान वाचतात, तेव्हा त्यांना वरचा लेख आणि खालची जाहिरात एकच वाटते. पाटल्या मोडून ते तिथे जाणार.

अशा शिबिरांत सहसा काय करतात तेही लोकांना कळू द्या. कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा करतात आणि त्याच दिवशी पाठीच्या मणक्यातून टोचतात. त्या थरात प्रामुख्याने रक्त तयार करणाऱ्या आणि रक्ताच्याच कच्च्या-पक्क्या पेशी असतात. हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या मेसेन्कायमल पेशी, ज्यांचं नाव घेऊन सगळा कारभार चालतो, त्या दहा हजारांत एखादी सापडली तर सापडली. त्यांच्यापासून चेतापेशी बनत नाहीत. २००० च्या सुमारास तसे दावे झाले होते. रसायनं घातल्यावर काही तासांत अस्थिमज्जेच्या पेशींना लांब शेपट्या आलेल्या दिसल्या. २००४ पर्यंत लक्षात आलं की रसायनांच्या माऱ्याने पेशीचा सांगाडा कोसळून ती आक्रसते आणि मागे राहिलेले धागे शेपटीसारखे दिसतात. चेतापेशी झाली असं म्हणायचं तर तिने विद्युतस्पंद द्यायला हवा, शेजारणीशी जोडणी करायला हवी.

‘दुष्परिणाम नाही’ हेही तपासून बघा. एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भाच्या चेतासंस्थेच्या मूळपेशी मेंदूत आणि मणक्यात टोचल्या होत्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी मेंदूत आणि कण्यात गाठी निघाल्या. तपासणीत त्या पेशींमध्ये स्त्रीची गुणसूत्रं सापडली, म्हणजे गाठ दात्याच्या पेशींची होती. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. त्या परक्याच्या पेशी होत्या, हे मान्य. २०१६ साली नोंदलेल्या एका अमेरिकी रुग्णाच्या कण्यातली गाठही अशाच परदेशी उपचारांनंतरची होती, त्यात दुसऱ्या माणसाच्या पेशी सापडल्या आणि त्याचा चालता पायही गेला. शिबिरवाले ‘रुग्णाच्याच पेशी’ म्हणतात, पण बाटलीत नेमकं काय आहे हे रुग्णाला कोण दाखवतं?

काम नीट केलं तर किती वेळ लागतो, याचा हिशेबही आहे. जपानच्या यामानाका आणि ताकाहाशी यांनी २००६ साली २४ जनुकांतून ४ निवडून उंदराच्या साध्या पेशी मागे फिरवून पुन्हा प्लुरिपोटंट केल्या, २००७ मध्ये माणसाच्या, आणि २०१२ ला यामानाकांना ब्रिटनच्या गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. क्योतोत त्या पद्धतीने केलेल्या डोपामिन पेशी पार्किन्सनच्या रुग्णांना दिल्या, त्याचे निकाल २०२५ च्या एप्रिलमध्ये आले. रुग्ण ७. दोन वर्षं लक्ष ठेवल्यावर गंभीर दुष्परिणाम नाही, गाठ नाही, काहींच्या हालचालींत सुधारणा. इतक्या सावधपणे, इतक्या थोड्या लोकांवर. आणि आपल्याकडे हॉटेलात एका दिवसात चार आजार?

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि इतर ठरावीक आजारांसाठीचं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी वापर संशोधन-चाचणीतच करायचा असतो. २००७ च्या तत्त्वांच्या शीर्षकात ‘उपचार’ हा शब्द होता, तो २०१३ मध्ये मुद्दाम काढला गेला. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून चाचणीच्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा शिबिरात जाणाऱ्याने आधी सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागावा आणि घरी येऊन तो त्यांच्या संकेतस्थळावर उघडून बघावा. नोंदणी आहे म्हणजे मान्यता मिळाली असं नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. पेशी कोणत्या, किती, त्यातल्या जिवंत किती टक्के, मायकोप्लाझ्मा आणि एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या विषाची) तपासणी कुठे झाली आणि त्याचा कागद कुठे आहे, पाच वर्षं एमआरआय कोण करणार, हे विचारावं. नुसतं पैसे कधी भरायचे एवढंच उत्तर मिळालं, तर उठून घरी यावं.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेखासोबतच्या फोटोत बाईंच्या हातात हिरव्या पाण्याचा फ्लास्क आहे. पेशींचं नेहमीचं मिडियम लालसर असतं. त्यात फिनॉल रेड हा आम्लता दाखवणारा रंग असतो. पेशींनी आम्ल सोडलं की ते नारिंगी, मग पिवळं होतं. वीज गेल्यावर किंवा सिलिंडर संपल्यावर इन्क्युबेटरमधला ५ टक्के कार्बन डायऑक्साइड उतरला, की तेच गर्द गुलाबी होतं. काम करणारा माणूस दार उघडताच रंगावरून पेशींचा हालहवाल ओळखतो. तो फोटो बाईंच्या प्रयोगशाळेतला नाही, विकतचा आहे. दुसरी गोष्ट, एकाच लेखात ‘मूळपेशी’, ‘खोडपेशी’ आणि ‘स्कंधपेशी’ हे तीन शब्द तीन ठिकाणी आहेत. वाचकाला वाटतं, पेशीच तीन प्रकारच्या आहेत. कोणताही एक धरा, तोच शेवटपर्यंत ठेवा.

चौकटीत मुलांसाठी ‘बायोलॉजी घ्या, मन लावून अभ्यास करा’ एवढाच सल्ला आहे. तिथे हे तरी छापा: एमएस्सी, नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) परीक्षा, पाच-सहा वर्षं पीएचडी, त्यानंतर काही वर्षं पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन. बीएस्सीला असतानाच निर्जंतुक हाताने काम करणं, सौम्यीकरणाचं गणित तोंडपाठ असणं, संख्याशास्त्र आणि रोजची वही तारखेनिशी लिहिणं शिकावं. पेशींचं काम बघायचं असेल तर पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र गाडीने चार-पाच तासांवर आहे.

येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या टाइपात, ‘आपोआप’ हे वाक्य चुकीचं होतं असं छापावं. शिबिराची जाहिरात पुन्हा घ्यायची असेल, तर जाहिरातदाराकडून सीटीआरआय क्रमांक घेऊन तो जाहिरातीतच छापावा. क्रमांक नसेल तर जाहिरात परत करावी.

आपला,
पेशीसंवर्धनाचं काम करणारा एक वाचक
जुळे सोलापूर