वाशिष्ठीकाठच्या छोट्या डब्याकडून, काका, मनापासून आभार

श्री. काका,
सप्रेम नमस्कार.

चिपळूणहून कॉम्प्युटर पिशवीत घालून आलेली, घरांचे नकाशे काढणारी मुलगी, एवढी ओळख बहुतेक पुरेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दिवसाला कितीतरी माणसं येतात, त्यातली एक लक्षात राहावी असं काही नाही. माझ्या मात्र ती सकाळ चांगली लक्षात आहे. त्या दिवशी काउंटरवर नुसतं "थँक्यू काका" म्हणून निघाले, कारण परतीची गाडी गाठायची होती. दीड वर्ष मनात राहिलेलं आज लिहून काढते आहे. उघड पत्र लिहिते आहे, कारण असाच छोटा डबा, म्हणजे लहान कॅबिनेटचा कॉम्प्युटर, घेऊन बसलेल्या दुसऱ्या कुणाला तुम्ही सांगितलेलं उपयोगी पडेल.

आतेभावाने तुमचा नंबर दिला तेव्हा त्या डब्यासाठी ग्राफिक्स कार्ड शोधताना मी दोनदा पोळलेली होते. फोनवर तुम्ही आधी माझं काम विचारलंत, मग डबा कुठला ते विचारलंत. पैशाचा विषय तिसरा निघाला. काम सांगितलं: ऑटोकॅडमध्ये परवानगीचे नकाशे, आणि गिऱ्हाइकाला घर कसं दिसेल ते दाखवायला स्केचअपमध्ये थ्रीडी. डबा डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०४०, छोट्या आकाराचा, जुन्यातला घेतलेला, आत सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. मग तुम्ही म्हणालात, "झाकण काढा, आत फुटपट्टी ठेवून फोटो पाठवा. आणि पॉवर सप्लायवरचं लेबल वाचता येईल असा एक."

त्याआधी मला कुणीही फुटपट्टी आणायला सांगितली नव्हती. ज्या दुकानातून पहिलं कार्ड घेतलं तिथे "कुठलंही बसतं" एवढंच ऐकलं होतं. घरी आणून बघते तर कार्ड डब्याच्या काठावरून वर आलेलं, झाकण लागेना. त्या दुकानाने पैसे परत दिले नाहीत, बदल्यात दुसरं काहीतरी घ्या म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी तर मला "लो प्रोफाइल म्हणजे कमी ताकदीचं, ते घेऊ नका" असं समजावलं गेलं, आणि मी ते खरं मानलं. तुम्ही एका वाक्यात गैरसमज काढलात: लो प्रोफाइल म्हणजे उंचीने बुटकं, बाकी काही नाही. साधं कार्ड अकरा सेंटीमीटर उंच, बुटकं जेमतेम सात. ताकद चिपवर असते, उंचीवर नसते.

बाकी सगळ्यांचा एकच सल्ला होता, मोठा कॅबिनेट घ्या. तो सल्ला चूक नव्हता. मोठ्या डब्यात काहीही बसतं, हवा खेळते, पुढे वाढवता येतं. पण माझं कारण वेगळं होतं आणि ते ऐकायला कुणी थांबत नव्हतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा माझा जुना टॉवर टेबलाखाली होता. पहाटे अंधारात आईला आणि कागदपत्रांना माळ्यावर चढवण्यात हात गुंतले, टॉवर उचलायला तिसरा हात नव्हता. पाणी ओसरल्यावर उघडला तर आत चिखलाचा थर, आणि आठ वर्षांची कामं असलेली डिस्क त्याच चिखलात. तेव्हापासून ठरवलं, घरात असेल तो कॉम्प्युटर एका हाताने उचलून माळ्यावर नेता आला पाहिजे. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात, मग म्हणालात, "मग डबा हाच. कार्ड आपण त्याच्या मापाचं शोधू." काका, त्या वाक्याने मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

मी तुमच्याकडे मागितलं होतं जीटी १०३०. नाव ऐकलेलं, बजेटात बसणारं, तीस वॅटचं. विकून मोकळं होणं तुम्हाला सोपं होतं, समोर शेल्फवर दोन खोकी होतीच. तुम्ही ती दोन्ही खोकी काढून फोटो पाठवलात आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलंत. तिथे मेमरीचा प्रकार लिहिला होता: एकावर जीडीडीआर५, दुसऱ्यावर डीडीआर४. नाव एकच, चित्र जवळपास तेच, पण पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी वाहून नेते आणि दुसऱ्याची १७ च्याही आत. पहिलं कार्ड २०१७ साली आलं, हे दुसरं पुढच्या वर्षी त्याच नावाने बाजारात उतरलं. ज्याला हे माहीत नाही तो शंभर-दोनशे रुपये वाचवायला दुसरं उचलतो आणि नंतर आपलंच मशीन मंद आहे म्हणत बसतो. मला याचा आजही राग येतो. एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकू नयेत.

मग तुम्ही जीडीडीआर५ वालंही घेऊ दिलं नाहीत. म्हणालात, त्यावर व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही, उद्या गिऱ्हाइकाला घराची फिरती चित्रफीत करून द्यायची झाली तर अडाल. मी आरएक्स ६४०० विचारलं. तुमचं उत्तर: एन्कोडर त्यातही नाही, आणि ते कार्ड बोर्डाशी चारच लेनवर, म्हणजे चारच वाटांवर, बोलतं. नव्या बोर्डावर तेवढ्याने भागतं, पण तुमचा बोर्ड पीसीआय एक्स्प्रेस ३ चा, म्हणजे मागच्या पिढीच्या जोडणीचा, तिथे तो रस्ता निम्मा होतो. इंटेलचं आर्क विचारलं, तर त्याला रिसायझेबल बार लागतो (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय), तो या जुन्या बोर्डात नाही. आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीवालं बुटकं मॉडेल तेव्हा नुकतंच आलं होतं. ते तुम्ही स्वतःहून काढलंत आणि स्वतःच बाजूला ठेवलंत: सत्तर वॅट, बोर्डावर कार्ड बसतं त्या दोन खाचांएवढं जाड, आणि किंमत तुमच्या अख्ख्या डब्यापेक्षा जास्त.

वॅटचा हिशोब तुम्ही फोनवर तोंडी केलात, मी तो वहीत लिहून घेतला. ते पान अजून आहे. पॉवर सप्लाय १८०. प्रोसेसर ६५. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखा मिळून तीस धरा. उरले ८५. "आता तुम्ही म्हणाल पंच्याहत्तरचं कार्ड बसेल," तुम्ही म्हणालात, "कागदावर बसेल. पण सप्लाय सात-आठ वर्षं वापरलेला, डबा बंद, आणि तुमच्याकडचा मे महिना. चाळीसच्या वर जायचं नाही." कार्डाला जोडायची जादा वायर या सप्लायला नाही, त्यामुळे जे काही चालायचं ते खाचेतून मिळणाऱ्या विजेवरच.

असं करत करत क्वाड्रो पी६२० वर आलो. वापरलेलं, कुठल्याशा ऑफिसच्या वर्कस्टेशनमधून निघालेलं. चाळीस वॅट, एका खाचेचं, दोन जीबी जीडीडीआर५, मेमरीचा वेग सेकंदाला ८० जीबी, मागे मॉनिटर जोडायला चार मिनी डिस्प्लेपोर्ट. मुळात नकाशे-आराखड्यांच्या कामासाठीच बनवलेलं. पावणेसहा हजार. वापरलेल्या मालाची मला धास्ती होती, कारण बिटकॉइनसारख्या चलनांच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस भाजून काढलेली कार्डं विकली जातात हे ऐकून होते. तुम्ही समजावलंत की दोन जीबीचं असलं बारकं कार्ड त्या कामाला कुणी जुंपत नाही. फसवणूक वेगळीच होते, जुन्या चिपवर नवं नाव चढवून विकतात. "म्हणून डबा घेऊन या. बसवून, चालवून, बघून न्या."

तुतारी एक्स्प्रेसने पहाटे दादरला उतरले, लोकलने ग्रँट रोड. तुमचं शटर उघडायच्या आधीच येऊन उभी होते.

त्यानंतरची वीस मिनिटं मला जशीच्या तशी दिसतात. कार्डाला डब्याच्या मागच्या बाजूला बसणारी पत्र्याची पट्टी लांब होती, मोठ्या कॅबिनेटची. माझा चेहरा पडला, परत तेच, असं वाटलं. तुम्ही खालच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढलात आणि काउंटरवर उपडा केलात. आतून पट्ट्याच पट्ट्या. तुम्ही बोटांनी चाळत चार भोकांची, बुटकी अशी एक शोधलीत, आधी कार्डाच्या पोर्टांवर धरून बघितलीत, एका भोकाची कड जरा घासत होती तर कानसीने दोनदा ओढलीत. जुन्या पट्टीचे बारीक स्क्रू काढून हातात न ठेवता लोहचुंबकावर ठेवलेत. नवी पट्टी बसवलीत. डब्याच्या पत्र्याला हात लावलात, मग कार्ड उचललंत. खाचेत दाबल्यावर मागची कडी टक्कन लागली, आणि झाकण असं बसलं की जणू आत काही नवीन घातलंच नाही. मी झाकणावरून हात फिरवला ते तुम्ही बघितलंत, पण काही बोलला नाहीत.

मग कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून चिपचं नाव दाखवलंत, जीपी१०७. हेच यायला हवं, म्हणालात. माझी स्वतःची फाइल उघडायला लावलीत. ती गुहागर रस्त्यावरच्या एका घराची होती. जांभ्याचा जोता, पडवी, आणि वर मंगलोरी कौलांचं चौपाखी छप्पर. एकेक कौल सुटं काढलेलं, हजारोंनी. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर ते छप्पर फिरवायचं म्हणजे धक्के खात फिरायचं, सावल्या लावल्या तर हात जोडून बसायचं. त्या दिवशी ते तुमच्या काउंटरवर सलग फिरलं. कोन्यावरची कौलं मी पहिल्यांदा नीट जवळून बघितली, तर एका कडेला माझीच चूक सापडली.

आणि तुम्ही वाढवून काही सांगितलं नाहीत, याचे आभार वेगळे मानायला हवेत. फाइल उघडायला लागतो तो वेळ तसाच राहील, ते काम प्रोसेसरचं आणि एसएसडीचं, हे तुम्ही आधीच सांगितलंत. लुमियनसारख्या, घराचं फोटोसारखं चित्र काढणाऱ्या रेंडरिंगची आशा यावर धरू नका, दोन जीबीत ते होणार नाही, हेही. माझा एक मॉनिटर जुना, व्हीजीए. त्याला साधी पिन चालणार नाही, आतून सिग्नल बदलणारा ॲडॉप्टरच लागेल, आणि एचडीएमआयवाल्याला मात्र साधा पुरेल, असं सांगून महागडा एकच दिलात. उरलेल्या पैशात दुसरा महागडा ॲडॉप्टर न देता आठ जीबी रॅमची पट्टी घालायला लावलीत. शिवाय विंडोज ११ या पिढीचा प्रोसेसर घेत नाही, म्हणून या डब्यात याहून जास्त पैसे ओतू नका, असंही बजावलंत. कार्ड मात्र पुढच्या डब्यात जाईल, म्हणालात, आणि ती काढलेली लांब पट्टी तिच्या स्क्रूंसकट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलीत.

दीड वर्षात कार्डाने एकदाही त्रास दिलेला नाही. भर मे महिन्यात झाकण लावून तापमान बघत होते, कधी घाबरावं असं झालं नाही. दोन्ही मॉनिटर चालू आहेत, एकावर नकाशा, दुसऱ्यावर घर. गेल्या पावसाळ्यात नगरपरिषदेचा भोंगा वाजला, तेव्हा मी तीन वायरी काढल्या आणि डबा एका हाताने माळ्यावर नेला. दुसऱ्या हाताने आईला धरलं होतं. पाणी त्या रात्री आमच्या आळीपर्यंत आलं नाही. सकाळी डबा खाली आणला, वायरी लावल्या, राहिलेलं काम पूर्ण केलं.

गुहागर रस्त्यावरच्या त्या घरावर आता खरी कौलं चढली आहेत. फोटो सोबत पाठवते आहे. उजवीकडचा कोना बघा, तुमच्या काउंटरवर दुरुस्त केलेला तो हाच. घरमालकांना तुमच्याबद्दल सांगितलं आहे. गणपतीत कोकणात येणं झालं तर त्यांच्या पडवीत आणि आमच्या घरी, दोन्हीकडे चहाला यायचं आहे.

आपली,
चिपळूणची ड्राफ्ट्समन

ता. क. लांब पट्टी टेबलाच्या खणात आहे, स्क्रू तिलाच चिकटपट्टीने लावून ठेवले आहेत.