भिंतीवर चुना फिरण्याआधी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

चित्रकार नलिनी मालानींवर राज्याने माहितीपट करावा, एवढीच मागणी आहे. १९४६ साली कराचीत जन्म, फाळणीत कुटुंब निर्वासित, १९६९ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका, २०२३ चा जपानचा क्योटो पुरस्कार, हे सगळं तुमचे सचिव एका टिपणात देतील.

टिपणात मावत नाही ते असं. १९९२ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत बाईंनी थेट भिंतींवरच चित्रं काढली. विकायला काही नाही. प्रदर्शन संपलं, भिंतींवर चुना फिरला. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रं हेळसांडीने नाहीशी होत होती, तो राग त्यामागे होता. पुढे मायलार या प्लास्टिकची पारदर्शक नळकांडी आली. आतून रंगवलेल्या आकृती फिरतात, प्रकाश आरपार जातो आणि भिंतीवर सावल्या चालू लागतात. हे मी वर्गात छापील फोटोवरून शिकवते. मुलं माना डोलावतात. फोटोतलं नळकांडं काही फिरत नाही.

बाईंच्या हाती कॅमेरा आला तो १९६९ मध्येच, चित्रकार अकबर पदमसींच्या कार्यशाळेत. घरांच्या स्वप्नाची रंगीत ॲनिमेशन फिल्म त्यांनी तेव्हा केली. १९७६ मध्ये तिच्या शेजारी दुसरी, कृष्णधवल फिल्म आली: एक तरुणी उंचावरून शहराकडे बघते आहे आणि खाली झोपड्या. त्याच कार्यशाळेत पदमसींनी स्वतः केलेल्या एका फिल्मची प्रत गहाळ झाली. ते हयात असताना, २०१६ मध्ये, दुसऱ्या एका दिग्दर्शकाने ती त्यांच्या आठवणीवरून पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला. पदमसी २०२० मध्ये गेले. मालानी ऐंशीच्या घरात आहेत. घाई कसली, ते यावरून कळावं.

मात्र गौरवपट नको. शाल-श्रीफळ, सनई, 'स्त्रीशक्तीचा जागर' म्हणणारा भारदस्त आवाज, यातलं काही नको. सीता आणि ग्रीक पुराणकथेतली कॅसँड्रा त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येतात, त्या पूजेसाठी नव्हे. त्यांचं कुणी ऐकलं नाही म्हणून. कॅमेरा मुंबईच्या लोहार चाळीत न्या. वायर-दिव्यांच्या त्या घाऊक बाजारात त्यांचा स्टुडिओ होता, हातगाड्या ओढणारी माणसं तिथूनच चित्रांत आली. कोळशाची रेघ पुसणारा हात न कापता, पूर्ण वेळ दाखवा.

निवेदन मराठीत हवं, आणि राज्यातल्या प्रत्येक कला महाविद्यालयाला प्रत मिळावी. आमच्याकडे प्रोजेक्टर आहे. पडद्याचं आम्ही बघू.

आपली,
चित्रकलेची एक शिक्षिका