भांडण कशावरून ते नंतर, आधी ‘कुणाची पोरं?’

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची आपली पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मी उमरगा तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. स्वामी रामानंद तीर्थ, सरहद्दीवरचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा धुमाकूळ, सगळं पुरवणीत होतं आणि ते असायलाच हवं. पण १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, तिथं आपली गोष्ट संपते. लष्कर आमच्याच रस्त्यानं, सोलापूर-नळदुर्ग-उमरगा असं पुढं गेलं होतं. आमच्याकडं गोष्ट तिथं संपली नाही.

आजीला नुसतं ‘रझाकाराच्या टायमाला’ म्हटलं की तासभर हलता यायचं नाही. दागिने चुलीमागं पुरले, गाडीत लेकरं घातली आणि रातोरात सोलापूरकडं निघाले, हे तिनं किती वेळा सांगितलं असेल. भिंतीला भिंत लागून राहणारी नानी त्याच्या पुढचं सांगायची. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे त्या लष्करी कारवाईनंतर, घरातल्या पुरुषांना नेलं, ते परत आलेच नाहीत. दोघी एकमेकींच्या लेकी-सुनांच्या बाळंतपणाला धावल्या. पण एकीनं दुसरीचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. आम्ही पोरं ज्याच्या त्याच्या घरातलं ऐकत मोठी झालो.

त्याचा परिणाम आज पिठाच्या गिरणीवर दिसतो. मागं फाट्यावर दोन मोटारसायकली घासल्या, पोरांची हाणामारी झाली. गिरणीत बातमी आली तेव्हा कुणाला लागलं का, हे कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न, ‘कुणाची पोरं?’ नावं कळेपर्यंत सगळे गप्प. मग कळलं की दोन्ही पोरं एकाच भावकीतली. लगेच बोलण्याची गाडी स्पीडब्रेकरवर आली, बांधकाम खात्यावर आली, पोरांना एवढ्या महागाच्या गाड्या घेऊन देणाऱ्या बापांवर आली. नावं वेगळी निघाली असती तर स्पीडब्रेकर कुणाला आठवला असता? आपणही ‘दोन गटांत दगडफेक’ असं जपून छापता. वाचक मधला मजकूर सोडून थेट अटक झालेल्यांच्या नावांवर जातो आणि दोष कुणाचा ते तिथंच ठरवतो. मीही त्यातलीच.

अशा वेळी भाषणात हमखास मोहरमच्या सवाऱ्या निघतात. आमच्या गावात पीर, म्हणजे सवारीचे पंजे, हिंदू उचलतात, नवस फेडायला फकीर होतात, अलाव्याच्या आगीभोवती नाचतात. हे खरंच आहे आणि मला ते आवडतं. पण सवारी उचलणारा माणूस दुसऱ्या दिवशी मोबाईलवर काय पुढं ढकलतो, तेही मी पाहते. एकत्र नाचणं सोपं आहे. समोरच्याच्या घरातला मेलेला आपल्या हिशेबात धरणं अवघड जातं.

नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीनं १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबाद संस्थानात फिरून अहवाल दिला. रझाकार गावोगाव दरमहा वसुली लावत आणि कुणी अडवलं तर लूट, जाळपोळ, खून करत, हे त्यात आहे. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, हेही त्यात आहे. मरणारे बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आजचं धाराशिव) आणि नांदेड आहेत. अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

पण मला त्यातला आकडा नव्हे, विणकरांचा उल्लेख जास्त भिडतो. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदू हल्लेखोरांपासून वाचवलं आणि त्यापायी स्वतःचे जीव गमावले, असं समितीनं लिहिलं आहे. जमाव धर्म पाहत होता तेव्हा या माणसांना समोर आपल्यासारखाच मागावर बसणारा दिसला. सूत तेच, सावकार तोच, बाजारातला पडलेला भाव तोच. भाषणातल्या भाईचाऱ्यापेक्षा हे नातं मला भरवशाचं वाटतं. आज सोयाबीनच्या भावाला दोघंही रडतात; तरी फाट्यावरचा प्रश्न बदलत नाही, कारण विणकरांची गोष्ट कुणाच्याच घरात सांगितली गेली नाही. ती सांगून ना आमची बाजू भक्कम होते, ना त्यांची.

शोएबुल्ला खान यांचंही तेच झालं. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाच्या या संपादकानं रझाकारांवर टीका केली, भारतात विलीन व्हा असं लिहिलं आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांना ठार मारलं. आपल्या सोळा पानांत या पत्रकाराला एक चौकट मिळाली नाही. शाळेच्या झेंडावंदनाला त्यांचं नाव मी घ्यायची, तेव्हा मुसलमान पोरं मान वर करून बघायची. एरवी त्या दिवशी ती मागच्या रांगेत उभी असत.

पुढच्या वर्षीच्या पुरवणीसाठी आपले वार्ताहर साळी, कोष्टी आणि मोमीन या विणकरांच्या घरी पाठवा. ऐंशी-नव्वदीतली माणसं अजून बोलती आहेत. आमच्या भागातली दोन घरं मी दाखवीन, एक या बाजूचं आणि एक त्या. फक्त सांगणाऱ्याचा मजकूर मध्येच कापू नका.

आपली,
एक वाचक, ता. उमरगा, जि. धाराशिव