भोईवाड्याच्या वायरिंगवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही बाबांची गाडी दुरुस्त करून दिलीत, पण तुमचे आभार नीट मानायचे राहूनच गेले. बदललेल्या पट्टीचे आणि मजुरीचे तेवढेच पैसे घेतलेत, 'पाऊस येऊन पाणी तुंबायच्या आत हिंदमाता चौक पार करा' म्हणालात आणि आम्हाला पिटाळलंत. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी ज्या चकचकीत वर्कशॉपमध्ये गेलो होतो, तिथे म्हणाले, "डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागत नाही, म्हणजे चार्जिंग ओके. बॅटरीच गेलीय." नवी बॅटरी गळ्यात मारली. तीही बसायला लागली, तेव्हा तेच लोक म्हणे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदला. मीटर लावून बघायची तसदी एकानेही घेतली नाही. पण मला झोंबलं ते वेगळंच. गाडी बाबांची, चालवतात बाबा, काय होतंय ते सांगतायत बाबा, आणि समोरचा बोलतोय माझ्याशी. बाबांना कमी ऐकू येतं, एवढंच. "अंकलना घरी समजावून सांगा, मॅडम." १९८२च्या संपापर्यंत परळच्या गिरणीत मशीनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरी समजावून सांगा! अजून आठवलं की डोकं फिरतं.

तुम्ही इंजिन चालू ठेवायला सांगितलंत, हेडलाइट लावायला लावलेत. मीटरवर बॅटरीचे १३.१ व्होल्ट, म्हणजे कमीच. अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर, दुसरी पिन त्याच्याच बॉडीला लावून, मात्र १४.३. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मग तुम्ही मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला धरलीत, दुसरी बाबांच्या हातात दिलीत आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणालात, "साहेब, ही इंजिनच्या लोखंडावर टेकवा. आकडा तुम्हीच वाचा." मीटर त्यांच्याकडे वळवून धरलात. बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि मोठ्याने वाचलं, "एक पॉइंट एक." तिथे खरं तर पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. तुम्ही काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "अर्थिंग!"

"बरोबर पकडलंत," तुम्ही म्हणालात.

काका, तो आकडा तुम्हाला स्वतःला दोन सेकंदांत वाचता आला असता. मागे दोन टॅक्सीवाले खोळंबले होते. तरी तुम्ही बाबांना ते करू दिलंत. घरी येईपर्यंत बाबा गिरणीतल्या मोटारींबद्दल बोलत होते. इतकं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

बॅटरीचं मायनस इंजिनला जोडणाऱ्या त्या अर्थिंगच्या पट्टीचं टोक उघडल्यावर निघालेला तो हिरवा-पांढरा गंज मी फोटो काढून ठेवलाय. नवी पट्टी बसली आणि बॅटरीवर १४.२ आले. सेल्फ (गाडी सुरू करणारी मोटर) जड ओढत होता तोही त्याच पट्टीपायी, हे आम्हाला कुठल्याच वर्कशॉपने सांगितलं नव्हतं. ना पाटी, ना पावतीपुस्तक, पण गिऱ्हाईकाला त्याच्या गाडीत काय बिघडलंय ते दाखवायचं आणि मगच हात घालायचा, एवढा सरळपणा तुम्ही फुटपाथवर बसून पाळता. या शहरात तुमच्यासारखे लोक अजून आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं.

बाबांनी आता स्वतःचा मीटर आणलाय. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ हवेत, हे चाळीत सगळ्यांना सांगून झालंय. समोरच्या खोलीतल्या काकांच्या गाडीचा आकडा १५.४ येतोय. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला असणार असं बाबांचं म्हणणं आहे. त्या शेजारच्या काकांना रविवारी तुमच्याकडे पाठवतोय, बाबाही सोबत येतील. बाबांना पिन धरू द्या.

तुमची,
उजव्या कानाने ऐकणाऱ्या साहेबांची मुलगी